बुडालेल्या जहाजाला अटक कशी करायची?

पावसाळ्यात समुद्रावरून घरी आलं की दारातच थांबायचं, हा आमच्या आजीचा नियम होता. आधी चपला उलट्या करून दाखवायच्या. तळव्याला काळा, चिकट ठिपका दिसला की ती चिंधीवर रॉकेल घेऊन तो खरवडून काढायची आणि मगच घरात घ्यायची. सगळे त्याला 'डांबर' म्हणायचे. प्रभादेवीत कुठे ना कुठे रस्ता खणलेला असायचाच, त्यामुळे ते रस्त्याचं डांबर आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ते समुद्रातून येतं, आणि बहुतेक वेळा एखाद्या जहाजाचं किंवा तेलविहिरीचं असतं, हे कळलं तेव्हा मी इंजिनिअर होऊन नोकरीला लागलो होतो.

नोकरीत एक सवय लागते. सिस्टीम बंद पडली की पहिला प्रश्न असतो, 'हे कुणाचं?' चार टीम एकमेकांकडे बोट दाखवतात, पण शेवटी लॉग उघडले की उत्तर सापडतं, कारण सगळे एकाच कंपनीत असतात आणि लॉग बघायला कुणाची परवानगी लागत नाही. चपलेला लागलेल्या डांबराला हाच प्रश्न विचारून बघितला, आणि दोन-तीन वर्षं मी त्यातच अडकलो. कारण इथे लॉग एका देशात असतात, आरोपी दुसऱ्या देशात, पैसा तिसऱ्या देशात आणि घाण आपल्या वाळूत.

* * *

२०११ चा पावसाळा मुंबईकरांना आठवतो तो जहाजांमुळे. जूनमध्ये 'एमव्ही विस्डम' नावाचं जहाज जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. ते भंगारात काढायचं होतं आणि कोलंबोहून गुजरातेतल्या अलंगला ओढून नेलं जात होतं. वाटेत सुटलं आणि वाऱ्यावर गेलं. ते काढून होतंय तोवर जुलैच्या अखेरीस 'एमव्ही पवित' आलं. हे टँकर ओमानच्या बाजूला खलाशांनी सोडून दिलं होतं. महिनाभर एकटंच तरंगत ते अरबी समुद्र ओलांडून आलं आणि जुहूला लागेपर्यंत कुणाला दिसलंही नाही. २६/११ ला तीन वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे पेपरांत किनाऱ्याच्या सुरक्षेवरून रान उठलं. मी तेव्हा आठवीत होतो. मामा आम्हा भावंडांना 'बोट बघायला' जुहूला घेऊन गेला होता. भाजलेलं कणीस खात आम्ही ती बघितली. अख्खी मुंबई तेच करत होती.

त्याच आठवड्यात, ४ ऑगस्टला, तिसरं जहाज बुडालं. ते किनाऱ्यावर आलं नाही म्हणून त्याची जत्रा भरली नाही. 'एमव्ही राक'. मुंबईपासून साधारण २० सागरी मैलांवर ते तळाला गेलं. खलाशांना वाचवलं गेलं. जहाजात ६० हजार टनांहून जास्त कोळसा होता, शिवाय इंजिनासाठीचं २९० टन फर्नेस ऑइल आणि ५० टन डिझेल. पुढचे बरेच दिवस त्यातून तेल झिरपत राहिलं आणि तवंग किनाऱ्याकडे सरकत राहिला.

आता विचारू या, हे जहाज कुणाचं? झेंडा पनामाचा. मालकी आणि कारभार ज्यांच्याकडे होता त्या डेल्टा नावाच्या कंपन्यांचा पसारा कतारमध्ये. कोळसा इंडोनेशियातून निघालेला. तो मागवला अदानी एंटरप्रायझेसने, गुजरातेतल्या दहेज बंदरासाठी. आणि जहाज बुडालं ते मुंबईसमोर, जिथे त्याचं काही कामच नव्हतं.

याच्या आदल्याच वर्षी, ७ ऑगस्ट २०१० ला, मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं एकमेकांवर आदळली होती. चित्रा न्हावा शेव्यातून कंटेनर घेऊन बाहेर पडत होतं. ते कलंडलं, कंटेनर पाण्यात पडले, त्यातल्या काहींत कीटकनाशकं होती, आणि सुमारे ८०० टन तेल सांडलं. दोन्ही बंदरं काही दिवस बंद ठेवावी लागली. अलिबाग-उरणकडच्या खारफुटीला काळा थर बसला. नारळी पौर्णिमा दोन आठवड्यांवर आली होती. बंदी संपून होड्या समुद्रात जायच्या, नेमक्या त्याच वेळी बाजारात मासे घ्यायला गिऱ्हाईक धजेना. आमच्या घरातही त्या श्रावणानंतर कितीतरी दिवस बांगडा आला नाही. आम्ही वरण-भातावर भागवलं. वरळी कोळीवाड्यात ज्यांचं पोट त्या बांगड्यावर होतं त्यांनी कशावर भागवलं, हे विचारायचं वय माझं नव्हतं.

चित्राच्या वेळी दोन्ही कप्तानांवर यलो गेट पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. पी. डिमेलो रोडवरचं हे ठाणं बंदराच्या हद्दीसाठी आहे. हे वाचताना मला तिथल्या एखाद्या फौजदाराची दया आली होती. त्याच्या हाती काय, तर जहाज बेपर्वाईने हाकल्याचं कलम, पर्यावरण कायद्याची काही कलमं आणि पंचनाम्याचे कागद. समोर काय, तर चार-पाच देशांत पसरलेल्या कंपन्या, विमेदार, झेंडे आणि वकील.

* * *

हा प्रश्न नवा नाही. समुद्रावरचा आरोपी पळून जातो, हे लोकांना शेकडो वर्षांपूर्वीच कळलं होतं. त्यावर त्यांनी एक नामी तोडगा काढला. मालक सापडत नसेल तर जहाजालाच आरोपी करा. दावा माणसावर लावायचा नाही, जहाजावर लावायचा. जहाज बंदरात आलं की त्याच्या डोलकाठीवर वॉरंट चिकटवायचं. मग मालक जगात कुठेही असो, जहाज सोडवायला धावत येतोच. कारण ते जहाज हीच त्याची संपत्ती असते.

या कायद्याला अॅडमिरल्टी म्हणतात आणि मुंबईला तो चांगलाच परिचयाचा आहे. १८६२ साली मुंबई उच्च न्यायालय सुरू झालं तेव्हापासून हा अधिकार त्याच्याकडे आहे. पुढे १८९० च्या ब्रिटिश कायद्याने आणि १८९१ च्या इथल्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन न्यायालयं त्यासाठी नेमली गेली. हा हुकूम बजावायचं काम मुंबईत नगरपालाच्या कार्यालयाकडे आलं. नगरपाल म्हणजे समारंभात फीत कापणारं, नाममात्र मानाचं पद, अशीच आपली समजूत असते. पण त्याच कार्यालयाने या बंदरात जहाजांना अटक केली आहे आणि लिलावातही काढलं आहे.

गंमत अशी की स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं आपली न्यायालयं इंग्लंडच्या १८६१ च्या कायद्याच्या चौकटीतच जहाजांना अटक करत होती. ती चौकट मोडली गोव्यातून निघालेल्या एका जहाजाने. 'एमव्ही एलिझाबेथ' मुरगाव बंदरातून माल घेऊन गेलं आणि त्या मालावरून वाद झाला. पुढे ते विशाखापट्टणमला आलं तेव्हा अडवलं गेलं. परदेशी मालकाचं म्हणणं होतं की १८६१ च्या कायद्यात असा दावा बसतच नाही. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भारतातल्या उच्च न्यायालयांचे अधिकार इंग्लंडमधल्या एका जुन्या तारखेला गोठलेले नाहीत. त्यानंतर पाव शतकाने, २०१७ साली, भारताने स्वतःचा अॅडमिरल्टी कायदा केला. त्यात जहाजाने पर्यावरणाचं किंवा किनाऱ्याचं केलेलं नुकसान हेही अटकेचं कारण ठरतं.

थोडक्यात, चालतंफिरतं जहाज बंदरात आलं तर आपल्याकडे हत्यार आहे. पण राक समुद्राच्या तळाशी होतं. बुडालेल्या जहाजाला अटक कशी करायची?

* * *

याचं जगातलं पहिलं गाजलेलं उत्तर सिंगापूरला मिळालं. १८ मार्च १९६७ रोजी 'टॉरी कॅनियन' नावाचं तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलजवळ खडकांवर चढलं. झेंडा लायबेरियाचा, मालक कंपनी बर्म्युडातली, जहाज भाड्याने घेतलेलं एका अमेरिकी तेल कंपनीने. इंग्लंड आणि फ्रान्स दोघांचे किनारे तेलाने माखले. जहाज फुटून बुडालं, त्यामुळे अटक करायला काही उरलंच नाही. अमेरिकी कायद्यात मालकाची जबाबदारी जहाजाच्या उरलेल्या किमतीपुरती मर्यादित ठेवता येत होती, आणि उरली होती फक्त एक छोटी बचावहोडी. तिची किंमत ५० डॉलर.

मग ब्रिटिश सरकारच्या वकिलांनी त्याच मालकाचं दुसरं जहाज शोधलं. 'लेक पालूर्द' हे ते भावंड-जहाज काही महिन्यांनी सिंगापूरला थोडा वेळ थांबलं. सिंगापूरमधला एक तरुण वकील जहाजावर चढला. खलाशांना वाटलं हा व्हिस्की विकायला आलाय, म्हणून त्यांनी त्याला येऊ दिलं. त्याने जाऊन डोलकाठीला नोटीस चिकटवली. फ्रान्सने तेच जहाज पुढच्या वर्षी रॉटरडॅमला गाठलं. शेवटी मालकांनी ३० लाख पौंड मोजले आणि ते इंग्लंड-फ्रान्सने वाटून घेतले.

गोष्ट सिनेमासारखी आहे, पण मला त्यातली व्हिस्की महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाचं हे की सिंगापूरच्या न्यायालयाने हुकूम दिला. कॉर्नवॉलचा किनारा काळा झाला म्हणून हजारो मैलांवरच्या न्यायाधीशाने आपल्या बंदरात जहाज अडवलं. तिथला कायदा इंग्रजी परंपरेतला होता, म्हणून दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा कळत होती. ते नसतं तर नोटीस चिकटवणाऱ्या वकिलाला जहाजावरून उतरवून दिलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती.

जहाजमालकांनीही यातून धडा घेतला. आता एका जहाजाची एक कंपनी काढायची पद्धत आहे. दहा जहाजं, दहा कंपन्या, दहा पत्ते. कागदोपत्री कुणालाच भावंडं नाहीत.

* * *

राकचा खटला एका मुंबईकर पर्यावरण कार्यकर्त्याने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. लवाद तेव्हा अगदी नवा होता. तो सुरूच झाला ऑक्टोबर २०१० मध्ये. निकाल आला २३ ऑगस्ट २०१६ रोजी, म्हणजे जहाज बुडून पाच वर्षं होऊन गेल्यावर. जहाज प्रवासाला योग्य अवस्थेत नव्हतं आणि हा निष्काळजीपणाच होता, असं लवादाने ठरवलं. डेल्टा कंपन्यांना १०० कोटी रुपये आणि कोळसा समुद्राच्या तळाशी गेल्याबद्दल अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी रुपये भरायला सांगितले. जहाज आणि कोळसा तेव्हाही तळाशीच होता.

या निकालातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी हे देशाचं स्वतःचं पाणी मानतात. राक त्याच्या बाहेर बुडालं होतं. मग तिथे भारतातल्या लवादाला बोलायचा अधिकार आहे का? लवादाने १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कराराचा आधार घेतला आणि सांगितलं की २०० मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रातल्या पर्यावरणाचं रक्षण करणं हा भारताचा अधिकार आहे. कोळसा हा घातक पदार्थ नाही, तो पाण्यात पडला तर काय बिघडतं, या प्रकारचा युक्तिवादही लवादाने मान्य केला नाही.

निकाल वाचताना छाती फुगते. मग वसुलीचा विचार मनात येतो. एका देशाचा हुकूम दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ४४अ नावाचं कलम आहे. ज्या देशांशी आपला परस्पर व्यवहार ठरलाय त्यांच्या न्यायालयांचे हुकूम इथे थेट अमलात आणता येतात, आणि आपले तिथे. ब्रिटन, सिंगापूर त्या यादीत आहेत. संयुक्त अरब अमिराती २०२० साली आली. कतार नाही, पनामाही नाही. म्हणजे कंपनी इथे येऊन मुकाट्याने पैसे भरत नसेल, तर दोहाच्या न्यायालयात जाऊन सगळं पहिल्यापासून पटवून द्यावं लागणार.

हा फक्त गरीब देशांचा त्रास आहे असं समजू नका. नोव्हेंबर २००२ मध्ये 'प्रेस्टिज' हे टँकर स्पेनच्या गॅलिशिया किनाऱ्यासमोर फुटलं. स्पेनच्या न्यायालयांनी वर्षानुवर्षं खटला चालवून दीड अब्ज युरोहून अधिक नुकसानभरपाई ठरवली. त्यातला मोठा हिस्सा लंडनच्या विमा संस्थेकडून यायचा होता. लंडनच्या न्यायालयाने २०२३ साली हा हुकूम मान्य करायला नकार दिला. विम्याच्या करारात वाद लंडनच्या लवादापुढे सोडवायचा असं लिहिलं होतं, म्हणून. दोन श्रीमंत देश, दोन्हीकडे नावाजलेली न्यायव्यवस्था, आणि तरीही वीस वर्षांनंतर हुकूमाचा कागद सीमेवर अडला.

* * *

समुद्रात सांडलेलं तेल हा निदान अपघात म्हणता येतो. मुद्दाम पाठवलेली घाण ही वेगळीच गोष्ट आहे, आणि तिचा मुंबईतला धडा समोरच्या किनाऱ्यावर, न्हावा शेव्याला आहे. तिथे 'वंगणाचं तेल' या नावाने १३३ कंटेनर आले होते. तपासणीत कळलं की ते वापरून टाकलेलं, घातक तेल आहे. असा कचरा एका देशातून दुसऱ्या देशात ढकलू नये म्हणून १९८९ साली बासेल करार झाला आणि १९९२ साली भारत त्यात सामील झाला. कराराचं साधं म्हणणं असं की, बेकायदा पाठवलेला कचरा पाठवणाऱ्या देशाने परत न्यावा.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात १९९५ पासून चाललेल्या एका मोठ्या याचिकेत गेलं. ५ जानेवारी २००५ रोजी न्यायालयाने हुकूम दिला की हे तेल जाळून नष्ट करा आणि खर्च आयातदारांकडून वसूल करा. जे कायद्याच्या हातात होतं ते कायद्याने केलं. आयातदार इथले होते, त्यांच्यापर्यंत हात पोहोचला. पण ही साखळी सुरू झाली होती दुसऱ्या टोकाला. कुणीतरी, कुठल्यातरी बंदरात, ते तेल भरून खोटा कागद लावला होता. त्या टोकाला पोहोचायचं तर तिथल्या सरकारी वकिलाने उठून काम करायला हवं.

आणि तसं कुणी केलं की काय होतं, हेही बघायला मिळालं आहे. सीट्रेड ही नेदरलँड्समधली शीतजहाजांची मोठी कंपनी. २०१२ साली तिची चार जुनी जहाजं रॉटरडॅम आणि हॅम्बुर्गमधून निघाली. ती भंगारात काढायला जाणार होती आणि भारत, बांगलादेश, तुर्कस्तान इथल्या किनाऱ्यांवर ती तोडली गेली. अलंगचा किनारा ज्यांनी पाहिलाय, किंवा आपल्या दारूखान्यात ज्यांनी जहाज कापताना बघितलंय, त्यांना सांगायला नको की त्यात अॅस्बेस्टॉस, तेल आणि विषारी रंग मजुरांच्या अंगावर कसे येतात. डच सरकारी वकिलांनी म्हटलं, बंदर सोडलं तेव्हाच मालकाला ठाऊक होतं की हे जहाज म्हणजे आता कचरा आहे, मग कचऱ्याच्या निर्यातीचा कायदा मोडला. मार्च २०१८ मध्ये रॉटरडॅमच्या न्यायालयाने कंपनीला दोषी धरलं, मोठा दंड केला आणि दोन संचालकांना वर्षभर धंद्यातून बाहेर काढलं. जहाज कुठल्याही किनाऱ्यावर तुटो, गुन्हा आमच्या बंदरात सुरू झाला, असं तिथल्या न्यायालयाने सांगितलं.

त्याआधी २००६ साली फ्रान्सच्या 'क्लेमांसो' या जुन्या विमानवाहू जहाजाची गोष्ट घडली होती. अॅस्बेस्टॉसने भरलेलं ते जहाज अलंगच्या वाटेवर होतं. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात त्यावर सुनावणी चालू होती, आणि पॅरिसमध्ये तिथलं सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयही तेच प्रकरण बघत होतं. पॅरिसने १५ फेब्रुवारीला जहाजाचं जाणं स्थगित केलं आणि राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ते परत बोलावलं. एकाच जहाजावर दोन न्यायालयं एकाच वेळी विचार करत होती, प्रत्येक आपापल्या कागदांवरून. शेवट चांगला झाला, पण तो जुळून आला म्हणून झाला.

* * *

उत्तर समुद्राभोवतालच्या देशांनी असं जुळून येण्याची वाट बघितली नाही. टॉरी कॅनियननंतर दोन वर्षांनी त्यांनी बॉन इथे करार केला: तेल दिसलं की एकमेकांना कळवायचं. मग लक्षात आलं की कळवून भागत नाही. एका देशाच्या विमानाने टिपलेला फोटो दुसऱ्या देशाच्या न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नव्हता. कुणाला नमुना दोन बाटल्यांत हवा, कुणाला तीन. कुणाला वैमानिक स्वतः साक्षीला हवा. मग त्यांनी एक हस्तपुस्तिका केली. तेलाचा फोटो कसा काढायचा, नमुना कसा घ्यायचा, सील कसं लावायचं, म्हणजे तो सगळ्यांच्या न्यायालयांत चालेल. २००२ साली तपास अधिकारी आणि सरकारी वकील यांचं एक जाळंही त्यांनी उभं केलं. हे लोक नियमितपणे भेटतात. तवंग दिसतो तेव्हा जहाज पुढच्या कुठल्या बंदरात जाणार आहे हे बघून तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन जातो.

मला हे वाचून आमच्या धंद्यातली गोष्ट आठवली. दोन सिस्टीम एकमेकींशी बोलायच्या असतील तर आधी प्रोटोकॉल ठरवावा लागतो. आग लागल्यावर प्रोटोकॉल ठरवायला बसलात तर काही वाचत नाही.

सागरी कराराने याला जागाही करून ठेवली आहे. कलम २१८ म्हणतं की जहाजाने दुसरीकडे, अगदी खुल्या समुद्रातही घाण टाकली असेल, तरी ज्या बंदरात ते आलं त्या देशाला कारवाई करता येते. म्हणजे मुंबईसमोर तेल सोडून गेलेल्या जहाजावर सिंगापूर किंवा रॉटरडॅमला खटला चालू शकतो. पण पुरावा मुंबईने पाठवला तरच. उलट बाजूने कलम २२८ झेंड्याच्या देशाला झुकतं माप देतं. सहा महिन्यांच्या आत त्याने स्वतः कारवाई सुरू केली तर, मोठं नुकसान झालेलं प्रकरण सोडून, बाकीच्यांना थांबावं लागतं. आणि कलम २३० प्रमाणे १२ मैलांच्या बाहेर परदेशी जहाजाने केलेल्या प्रदूषणाला शिक्षा फक्त दंडाची. तुरुंग नाही. म्हणजे राकसारख्या ठिकाणी पैसा हीच एकमेव शिक्षा, आणि तोच वसूल करणं सगळ्यात अवघड.

आपल्याकडे काय आहे? १९९० साली फौजदारी प्रक्रिया संहितेत १६६अ कलम आलं. आता ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ११२ झालं. तपास अधिकाऱ्याने न्यायालयाकडे अर्ज करायचा, न्यायालयाने परदेशातल्या न्यायालयाला विनंतीपत्र लिहायचं: अमुक माणसाची साक्ष घ्या, तमुक कागद पाठवा. हे पत्र गृह मंत्रालयातून जातं, तिथून परदेशातल्या त्यांच्या खात्याकडे, तिथून तिथल्या न्यायालयात, आणि उत्तर त्याच वाटेने परत. बऱ्याच देशांशी परस्पर साहाय्याचे करारही आहेत. पण ही यंत्रणा डोळ्यांसमोर येते ती बँक घोटाळे आणि दहशतवादाच्या बातम्यांत. यलो गेटच्या फौजदाराने तेलाच्या टाकीतल्या नमुन्यासाठी असं पत्र धाडायचं, तर तोवर टाकी धुऊन झालेली असते.

न्यायाधीशांच्या भेटीगाठी मात्र सुरू झाल्या आहेत. ऑगस्ट २००२ मध्ये जोहान्सबर्गला जगभरातले न्यायाधीश पर्यावरण कायद्यासाठी एकत्र आले. जुलै २०१० च्या अखेरीस आशियातले न्यायाधीश मनिलाला भेटले, आणि त्यातून पुढे आशियाई न्यायाधीशांचं जाळं तयार झालं. मनिलाची परिषद संपल्यावर दहाच दिवसांनी आमच्यासमोर चित्रा कलंडलं. परिषदेत निकालांची देवाणघेवाण होते, ती हवीच. पण किनाऱ्याला जे लागतं ते त्याच्या खालच्या पायरीवरचं आहे: सरकारी वकिलाला सरकारी वकिलाचा फोन, प्रयोगशाळेला प्रयोगशाळेचा अहवाल, आणि दोन्हीकडे चालेल असा पंचनाम्याचा एकच नमुना. अरबी समुद्राभोवती, मुंबई, कराची, मस्कत, दुबई, दोहा यांच्यात असं जाळं कल्पून बघा. राजकारण आठवून हसू येईल. पण उत्तर समुद्राभोवतीच्या देशांनीही एकमेकांशी दोन महायुद्धं लढलेली आहेत.

* * *

गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या डांबराच्या गोळ्यांचा अभ्यास केला आहे. प्रत्येक तेलात काही रेणू असे असतात की लाटा, ऊन, जंतू कशानेही लवकर मोडत नाहीत. त्यांचं प्रमाण म्हणजे त्या तेलाच्या बोटांचे ठसे. गोळ्याचे ठसे आणि संशयित जहाजाच्या टाकीतले ठसे जुळले, तर हे डांबर कुणाचं हे सांगता येतं. म्हणजे आजीच्या चिंधीवरचा तो डाग निनावी कधीच नव्हता. जुळवून बघायला दुसरा नमुना मात्र कुणीतरी, कुठल्यातरी बंदरात, वेळेवर घ्यायला हवा.

हल्ली रात्री गच्चीत गेलो की मी मोबाईलवर जहाजं दाखवणारं अॅप उघडतो. तुम्हीही बघा, फुकट आहे. सी-लिंकच्या पलीकडे जो एखादा दिवा दिसतो, त्याच्यावर बोट ठेवलं की नाव येतं, झेंडा येतो, पुढचं बंदर येतं. पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स हे झेंडे इतके दिसतात की वाटावं ही माणसं फक्त जहाजंच चालवत असतील. पुढचं बंदर हा रकाना मी जरा जास्त वेळ बघतो. कॉर्नवॉलच्या लोकांना पैसे मिळाले ते त्या रकान्यात सिंगापूर लिहिलेलं होतं म्हणून, आणि सिंगापूरला त्यांचं ऐकणारं कुणीतरी होतं म्हणून.

गेल्या पावसाळ्यात प्रभादेवीच्या वाळूत चपलेला पुन्हा तो काळा गोळा लागला. आजी नाही आता, आणि घरात रॉकेलही नसतं. मी तो काडीने काढून एका छोट्या बरणीत ठेवला, वर तारीख आणि जागा लिहिली. कुठल्याही न्यायालयात तो टिकणार नाही हे मला माहीत आहे: पंच नाही, सील नाही, साखळी नाही. तरी टाकवला नाही. घरी बायको विचारते, हे काय साठवलंयस? मी सांगतो, अर्धा पुरावा आहे. उरलेला अर्धा दुसऱ्या कुठल्यातरी देशात आहे.